तोंडी आदेश: सासवडचे दोघे, एक साक्षीदार आणि न छापलेली बातमी

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना मी ‘म्हणजे’ फार वापरतो, त्यातले बरेच काढलेत. बाकी जसं बोललो तसं.)

आज रेकॉर्डिंग घरूनच करतोय, रसायनीहून. मध्येच टँकरचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या, आमचं घर एमआयडीसीच्या रस्त्याला लागूनच आहे.

आजचा विषय कोर्टाचा आहे. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. या गोष्टीत नऊ न्यायाधीश आहेत, एक फितूर साक्षीदार आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे आपले आचार्य अत्रेसुद्धा आहेत. पण सुरुवात मात्र मोहोपाड्यातून करतो.

आमच्याकडे एक काका आहेत. नाव सांगत नाही, का ते कळेलच. स्टेशनरीचं छोटं दुकान. पूर्वी एका दैनिकाचे गावातले वार्ताहर होते, मानधन म्हणाल तर चहापाण्यापुरतं. आता मोबाइलवर लोकल बातम्या चालवतात. एसटीची वेळ बदलली, ग्रामसभा तहकूब झाली, पाण्याची टाकी फुटली, कुणाची पोरगी दहावीला पहिली आली. दोन पावसाळ्यांपूर्वी एका रात्री गावाजवळच्या नाल्याला फेस आला आणि डोळे चुरचुरतील असा वास सुटला. रसायनीत वासाची कुणाला नवलाई नाही, गावाच्या नावातच रसायन आहे. पण त्या रात्री लोक खिडक्या लावून बसले होते. काकांनी छत्री धरून चार मिनिटांचा व्हिडिओ केला, पाणी कुठून येतंय ते दाखवलं, आणि टाकला.

दोन दिवसांत वकिलाची नोटीस आली. अब्रुनुकसानी. भरपाईच्या आकड्यातली शून्यं काकांनी दोनदा मोजली म्हणे. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ गायब.

मी दुकानात गेलो. म्हटलं, “काका, तुमच्याकडे पुरावा होता ना?”

“होता रे. पण वकील कोण देणार? आणि तारखेला गेलो की त्या दिवशी दुकान बंद. किती वर्षं चालेल काय माहीत.” मग पेनांचा डबा सारखा करत म्हणाले, “नाल्याची बातमी मी दिली. मला नोटीस आली, ही बातमी कुणी दिली का? एकाने तरी?”

कुणीच दिली नव्हती. मी शोधलं. ज्यांनी काकांचा व्हिडिओ स्वतःच्या पेजवर उचलला होता, त्यांनीसुद्धा तो गुपचूप काढून टाकला होता.

हा प्रश्न डोक्यातून जाईना. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. एखादी सिस्टीम बंद पडते तेव्हा आम्ही पहिल्यांदा लॉग बघतो. पण काही वेळा ज्या भागाने चुकीची नोंद ठेवायची, तोच भाग बंद पडलेला असतो. मग सगळं वरवर ठीक दिसतं. एकही एरर नाही. बातम्यांच्या बाबतीत हेच होतं. बातमी दाबली गेली, हे सांगणारी जागा म्हणजे परत बातमीच. ती गप्प बसली की आपल्याला काही दाबलं गेलंय याचाच पत्ता लागत नाही.

म्हणून मी इतिहासात शिरलो.

शाळेत शिकवलेलं आठवतं का? वृत्तपत्रांवरचे खटले म्हटलं की टिळक. १८८२ साली कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध छापलेल्या मजकुरावरून टिळक आणि आगरकर दोघांना शिक्षा झाली, आणि दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८९७ साली राजद्रोहाचा खटला, १८ महिने. १९०८ साली पुन्हा राजद्रोह, सहा वर्षं, मंडाले. त्या निकालानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं होतं. हे आपल्याला पाठ आहे, आणि असायलाच हवं.

आता त्याच १९०८ सालचा दुसरा खटला सांगा. आठवत नाही ना? ‘काळ’चे संपादक शिवराम महादेव परांजपे. त्यांच्यावरही त्याच वर्षी राजद्रोहाचा खटला चालला आणि १९ महिन्यांची शिक्षा झाली. उपरोध लिहावा तर परांजप्यांनी, असं म्हटलं जायचं. पण एका पुढाऱ्याच्या खटल्याने बाकीचे खटले झाकले गेले. मोठा चेहरा, मोठी शिक्षा, रस्त्यावर गर्दी, हे असलं की खटला लक्षात राहतो. त्यातलं काही नसलं की तो फाइलीत जातो.

मी ज्या खटल्याबद्दल सांगणार आहे त्यात तुरुंग नाही, गर्दी नाही, शिक्षासुद्धा नाही. एका न्यायाधीशाने एका खोलीत उच्चारलेली दोन-तीन वाक्यं आहेत. पण त्या वाक्यांचा परिणाम आज साठ वर्षांनंतरही कायद्यात शिल्लक आहे.

मुंबईहून ‘ब्लिट्झ’ नावाचं इंग्रजी साप्ताहिक निघायचं. तुमच्या आजोबांना विचारा, चेहऱ्यावर हसू येईल. संपादक रुसी करंजिया. पेपर तिखट, मथळे मोठे, भानगडी बाहेर काढायची हौस. सप्टेंबर १९६० मध्ये ब्लिट्झने एक लेख छापला. मथळ्याचा अर्थ साधारण असा, की ही भानगड मुंद्रा प्रकरणापेक्षा मोठी आहे.

मुंद्रा प्रकरण दोन मिनिटांत. सरकारी आयुर्विमा महामंडळाचा पैसा हरिदास मुंद्रा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांच्या शेअरमध्ये गुंतवला गेला. बोभाटा झाला, १९५८ साली केंद्रीय अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. त्याची चौकशी मुंबईत न्यायमूर्ती छागला यांनी केली, आणि ती उघड केली. ऐकायला इतके लोक यायचे की बाहेर लाउडस्पीकर लावले होते. हे लक्षात ठेवा. सरकारच्या पैशाची चौकशी आणि रस्त्यावरच्या माणसाला आतलं ऐकू यावं म्हणून लाउडस्पीकर. हे आपल्याच मुंबईत घडलंय.

तर ब्लिट्झच्या लेखावरून उद्योगपती कृष्णराज ठाकरसी यांनी मुंबई उच्च न्यायालयात अब्रुनुकसानीचा दावा लावला. भरपाई मागितली ३ लाख रुपये. १९६० चे तीन लाख, बरं का. दावा चालला न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्यासमोर.

करंजियांच्या बाजूने एक व्यापारी साक्षीदार म्हणून आला. याच माणसाने आधी दुसऱ्या एका कारवाईत जे सांगितलं होतं, त्याचा ब्लिट्झच्या लेखाला आधार होता. पण कोर्टात तो फिरला. फितूर. त्याची उलटतपासणी सुरू झाली आणि पेपरांमध्ये ती छापून येऊ लागली. पुढे १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला पुन्हा साक्षीला बोलावलं, तेव्हा त्याने न्यायाधीशांना विनंती केली, की माझी साक्ष छापून आल्यामुळे माझ्या धंद्याचं नुकसान होतंय, तेव्हा आता ती छापू देऊ नका.

न्यायमूर्तींनी ते मान्य केलं. साक्ष उघड्या कोर्टात होईल, बसून कुणालाही ऐकता येईल, पण पेपरात छापायची नाही. हा आदेश तोंडी दिला. लेखी आदेश मागितला गेला, तर तो मिळाला नाही. तोंडी सांगितलंय, तेवढं पुरे, ते पाळलं जाईल अशी अपेक्षा आहे, असा एकूण सूर.

माझ्यासारख्याला इथे पहिला धक्का बसतो. आमच्याकडे कुणी तोंडी सांगून प्रॉडक्शनमध्ये बदल केला तर दुसऱ्या दिवशी मीटिंग लागते. इथे लोकांनी काय वाचायचं हे तोंडी ठरलं. लेखी नाही म्हणजे कारणं कागदावर नाहीत. कारणं नाहीत म्हणजे ती चूक की बरोबर हे तपासायचं कसं?

ब्लिट्झचे वार्ताहर नरेश श्रीधर मिरजकर हे त्या कोर्टाचं वार्तांकन करत होते. ते आधी उच्च न्यायालयातच गेले. तिथे अर्ज फेटाळला. मग सर्वोच्च न्यायालयात गेले, की माझ्या अभिव्यक्तीच्या मूलभूत हक्कावर घाला आलाय. म्हणून कायद्याच्या पुस्तकात या खटल्याचं नाव ‘नरेश श्रीधर मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असं आहे.

त्यांच्यासोबत आणखी तीन पत्रकारांचे अर्ज होते. निकालात त्यांची नावं आहेत. त्यातलं एक नाव वाचून मी लॅपटॉपवरून मागे सरकलो. मुंबईचे पत्रकार पी. के. अत्रे. प्रल्हाद केशव अत्रे. मुंबईत ‘मराठा’ दैनिक चालवणारे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या सभांना मैदानं पुरायची नाहीत ते. अत्र्यांचे किस्से आपल्या फोनवर रोज फॉरवर्ड होतात. कोंबडीचा, विधानसभेतला, खरे-खोटे कितीतरी. पत्रकारांच्या हक्कासाठी हे नाव सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, हा किस्सा मला तरी एकाही फॉरवर्डमध्ये मिळालेला नाही.

आता दुसरी गंमत. अत्रे सासवडजवळच्या कोढीतचे, म्हणजे सासवडचेच. आणि ज्यांच्या आदेशाविरुद्ध हा सगळा दावा, ते न्यायमूर्ती विठ्ठल महादेव तारकुंडे, त्यांचा जन्मही सासवडचा. कऱ्हाकाठचे दोघे, एक आदेश देणारा, एक त्याविरुद्ध उभा राहणारा. आणि सर्वोच्च न्यायालयात वर सरन्यायाधीश कोण? साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर. इतका मराठी खटला, आणि आपल्याला त्याचं नाव माहीत नाही.

नऊ न्यायाधीशांचं घटनापीठ बसलं. ३ मार्च १९६६ ला निकाल आला. आठ विरुद्ध एक. पत्रकार हरले.

बहुमताचं म्हणणं थोडक्यात सांगतो, वकील मित्रांनी माफ करावं. एक, खटला उघड चालला पाहिजे हा नियम आहे, पण न्याय नीट व्हावा म्हणून उच्च न्यायालय काही वेळा त्याला अपवाद करू शकतं, हा अधिकार त्याच्या अंगभूतच आहे. दोन, न्यायाधीश पक्षकारांमधल्या वादात जो न्यायिक आदेश देतो त्याने नागरिकाचा मूलभूत हक्क मोडतो असं म्हणता येत नाही. चुकला असेल तर अपील करा, पण मूलभूत हक्क मोडला म्हणून थेट इथे येऊ नका. आणि तीन, हा आदेश कायमचा नाही, खटला चालू असेपर्यंतचाच आहे, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

एकटे विरोधात होते न्यायमूर्ती हिदायतुल्ला. नागपूरचे. तिथेच शिकले, तिथेच वकिली केली, तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. त्यांचं म्हणणं साधं होतं. हक्क सरकारने मोडला काय आणि न्यायाधीशाने मोडला काय, मोडलाच. न्यायाधीश त्यातून सुटू शकत नाही. आणि धंद्याचं नुकसान होतं म्हणून साक्ष छापू नका, हे कारण त्यांना पटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, अरे, तात्पुरताच तर आदेश होता ना. हाच मुद्दा आहे. बातमीचं आयुष्य तीन दिवस, सुनावणीचं तीन वर्षं. खटला संपल्यावर छापा म्हणजे मासळी महिन्याने विका म्हणण्यासारखं आहे. आमच्या काकांचा व्हिडिओ आज परत टाकला तर काय उपयोग? तो फेस कधीच पाताळगंगेतून खाडीला गेला.

पण या गोष्टीत तारकुंड्यांना खलनायक करायचं असेल तर मी तुमच्यासोबत नाही. हेच तारकुंडे १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासोबत ‘सिटिझन्स फॉर डेमोक्रसी’ उभी करणाऱ्यांत होते. आणीबाणीत, जेव्हा पेपरांवर सेन्सॉर बसला आणि कोर्टाच्या बातम्यासुद्धा सेन्सॉरच्या डोळ्याखालून जायच्या, तेव्हा हा माणूस लोकांच्या हक्कांसाठी उभा राहिला. भारतातल्या नागरी हक्कांच्या चळवळीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. चांगल्या माणसाच्या हातूनही असा आदेश जाऊ शकतो. माझ्या मते त्यामुळेच हा खटला जास्त महत्त्वाचा आहे. दुष्ट माणूस असता तर त्याला शिव्या घालून आपण मोकळे झालो असतो. इथे प्रश्न माणसाचा राहत नाही, व्यवस्थेचा होतो. आदेश लेखी आहे का? कारण दिलंय का? मुदत किती? विरोध करायची सोय आहे का?

सगळी बंदी वाईट असंही नाही. बलात्काराच्या खटल्यात पीडितेचं नाव छापायचं नाही, हा कायदा आहे आणि असायलाच हवा. लहान मुलांच्या बाबतीतही तेच. कुणाच्या जिवाला धोका असेल तर साक्ष बंद दाराआड घ्यावी. पण जिवाला धोका वेगळा आणि धंद्याला धोका वेगळा.

बरं, हा इतिहास संपला का? नाही. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये सहारा आणि सेबीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी, सरन्यायाधीश होते एस. एच. कापडिया, मिरजकर निकालाचाच आधार घेतला आणि सांगितलं, की खटल्यावर खरोखर विपरीत परिणाम होण्याचा धोका असेल तर कोर्ट वार्तांकन काही काळ पुढे ढकलायला लावू शकतं. अटी घातल्या. गरज असली पाहिजे, दुसरा उपाय नसला पाहिजे, मुदत थोडी असली पाहिजे. १९६४ च्या तोंडी आदेशापेक्षा हे पुष्कळ बरं. पण मुळाशी तोच खटला.

आणि मग २०१७. पुन्हा मुंबई. सोहराबुद्दीन शेख चकमक प्रकरणाचा खटला विशेष सीबीआय न्यायालयात सुरू होणार होता. २९ नोव्हेंबर २०१७ ला, आरोपींच्या वकिलांच्या अर्जावरून, त्या न्यायालयाने आदेश दिला, की पत्रकारांनी कामकाजाचं वार्तांकन करायचं नाही. बसा, ऐका, लिहू नका. ओळखीचं वाटतंय ना?

नऊ पत्रकार आणि बृहन्मुंबई युनियन ऑफ जर्नलिस्ट्स उच्च न्यायालयात गेले. २४ जानेवारी २०१८ ला न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे यांनी तो आदेश रद्द केला. अशी बंदी घालायचा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेने त्या न्यायालयाला दिलेलाच नाही, असं सांगितलं. पुढे त्या खटल्यात २१० साक्षीदार तपासले गेले, त्यातले ९२ फितूर झाले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये सगळ्या २२ आरोपींची सुटका झाली. निकाल बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. विषय हा, की ९२ साक्षीदार फिरले हे तुम्हा-आम्हाला दिवसागणिक कळत गेलं, कारण पत्रकार आत बसून लिहीत होते. बंदी राहिली असती तर आपल्याला शेवटी एक ओळ कळली असती. १९६४ साली एका फितूर साक्षीदाराची साक्ष छापू दिली नव्हती, २०१८ मध्ये ९२ जणांच्या छापता आल्या. हा फरक नऊ पत्रकारांनी आणि एका युनियनने घडवला. देशात किती चॅनेल्स आहेत, किती पेपर आहेत, तो हिशेब तुम्हीच करा.

मग मोठी माध्यमं अशा खटल्यांकडे का बघत नाहीत? मला दिसलेली कारणं सांगतो.

पहिलं, नोटीस शेजाऱ्याला आलेली असते. आपण बोललो तर उद्या आपल्यालाही येईल. दुसरं, ज्याला आली तो स्पर्धक असतो, त्याचं दुखणं आपण कशाला छापा. तिसरं, कोर्टाबद्दल लिहायचं म्हणजे अवमानाची भीती. चौथं, या बातमीला चित्र नसतं. कोर्टाच्या पायऱ्या आणि काळे कोट यापलीकडे दाखवणार काय? आणि पाचवं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बहुतेक प्रकरणं कोर्टापर्यंत जातच नाहीत. नोटिशीवरच संपतात. मिरजकर आणि अत्रे हरले, पण निदान त्यांचा निकाल आहे, पुस्तकात आहे, मी रसायनीत बसून वाचू शकलो. आमच्या काकांचं काहीच नाही. ना खटला, ना निकाल, ना बातमी.

इंग्रजीत अशा दाव्यांना ‘स्लॅप’ म्हणतात. जिंकण्यासाठी दावा लावायचाच नाही, समोरच्याला थकवण्यासाठी लावायचा. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द घेऊन बजावलं, की पत्रकाराचं म्हणणं ऐकायच्या आधीच, पूर्ण सुनावणी न घेता, लेख काढून टाका असे अंतरिम आदेश खालच्या कोर्टांनी सहजासहजी देऊ नयेत. ब्लूमबर्गला दिल्लीत मोठे वकील लावता आले. स्टेशनरीच्या दुकानाला नाही.

एक शेवटचा खटला, कारण तो तुमच्या हातातल्या फोनबद्दल आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने आयटी नियमांत बदल केला. सरकारच्या कामकाजाबद्दलची एखादी माहिती खोटी किंवा दिशाभूल करणारी आहे हे सरकारचंच एक पथक ठरवणार. त्याने शिक्का मारला आणि तरी प्लॅटफॉर्मने ती ठेवली, तर प्लॅटफॉर्मचं कायदेशीर संरक्षण जाणार. मी अशाच कंपन्यांसाठी कोड लिहितो, म्हणून सांगतो. असा धोका आला की कंपनी विचार करत बसत नाही. पोस्ट उडवणं स्वस्त, वकील महाग. कोड लिहिणाऱ्याला सांगितलं जातं, शंका आली की काढा.

याविरुद्ध कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि आणखी काही संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायाधीशांचं मत वेगळं पडलं. न्यायमूर्ती गौतम पटेल म्हणाले नियम रद्द, न्यायमूर्ती नीला गोखले म्हणाल्या वैध. मग तिसऱ्या न्यायाधीशांकडे, न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्याकडे, प्रकरण गेलं. २० सप्टेंबर २०२४ ला त्यांनी नियम घटनाबाह्य ठरवला. माझ्या ऑफिसमध्ये, जिथे सगळे दिवसभर इंटरनेटवरच काम करतात, मी दुसऱ्या दिवशी विचारलं. आठ जणांच्या टेबलावर एकाला माहीत होतं. कामरांच्या विनोदावरचे वाद मात्र आठही जणांना माहीत होते.

आता आपण काय करू शकतो? मोठं काही नाही. ‘ई-कोर्ट्स’चं सरकारी अॅप आहे, फुकट आहे. प्रत्येक केसला सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर असतो. तो टाकला की पुढची तारीख कधी, आदेश काय, सगळं दिसतं. अगदी खालापूरच्या कोर्टातलंसुद्धा. आपण पार्सल कुठे पोहोचलं ते दिवसातून चारदा बघतो, एखाद्या पत्रकारावरची केस महिन्यातून एकदा बघायला दोन मिनिटं लागतात. आणि एखादी बातमी, एखादा व्हिडिओ अचानक गायब झाला तर स्क्रोल करून पुढे जाऊ नका. विचारा, का काढला?

हे सगळं मी काकांना सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, पाऊस होता. अत्र्यांचं नाव ऐकून ते सावरून बसले. “अत्रे हरले?” म्हणाले. मी म्हटलं, “हो काका, आठ विरुद्ध एक.” बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आणि तरी आपण ते आज बोलतोय.”

व्हिडिओ त्यांनी परत टाकलेला नाही, आणि टाका असं मी म्हणणारही नाही, दुकान त्यांचं आहे. पण गेल्या महिन्यात आणखी एका बातमीवरून फोन आला, बातमी काढा म्हणून. काकांनी ती काढली. आणि तिच्या जागी एक ओळ टाकली: ‘इथे एक बातमी होती. ती काढण्यास सांगण्यात आल्यामुळे काढली आहे.’ खाली तारीख.

नाल्याच्या व्हिडिओपेक्षा ती ओळ जास्त लोकांनी पुढे पाठवली.

आज एवढंच. तुमच्या गावात असं काही गायब झालं असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा, नावं गाळून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ‘काळ’च्या परांजप्यांकडे परत जाऊ, त्यांच्यावर आज आपण दोनच मिनिटं घालवली, ते बरं नाही झालं. भेटूच.